वॉटर पार्कला जायचे तर स्वाती नक्षत्रात

एप्रिल उजाडला की आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप समूहावर मुलांना वॉटर पार्कला केव्हा न्यायचे, याची चर्चा सुरू होते आणि दर वर्षी ती मे महिन्यातल्या एखाद्या रविवारवर येऊन थांबते. मीही इतकी वर्षे या बेतात मुकाट्याने सामील होत आलो. आता मात्र माझे मत पक्के झाले आहे की सोलापूरच्या माणसाने उघड्यावरच्या वॉटर पार्कला ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या दहा दिवसांपर्यंत, म्हणजे हस्त आणि चित्रा सरून स्वाती लागल्यावर जावे. हे वाचून अनेक जण हसतील, म्हणून कारणे सविस्तर लिहितो.

आधी मे महिन्याचे पाहू. आपले शहर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस असा येतो की दुपारी सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली दिसतच नाही. सुट्टीतली सर्वाधिक गर्दी पार्कमध्ये असते ती याच पंधरवड्यात आणि याच वेळेला. पाण्यात असताना अंगाला गारवा लागतो म्हणून ऊन लागत नाही असे आपल्याला वाटते. पण उथळ पाणी अतिनील किरणांना फारसे अडवत नाही आणि पाण्यात घाम जाणवत नसल्याने तहानही उशिरा लागते. दोन वर्षांपूर्वी आम्ही सकाळी अकराला आत शिरलो आणि संध्याकाळी परतलो तेव्हा धाकट्या मुलीच्या खांद्यांना हात लावता येत नव्हता. पुढचे चार दिवस कातडी सोलवटत होती. त्या दिवशी उंच घसरगुंडीच्या लोखंडी जिन्यावर आम्ही पाऊण तास रांगेत उभे होतो, अनवाणी, आणि पायांना चटके बसू नयेत म्हणून सगळी रांग एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती. प्रत्यक्ष घसरण्याचा आनंद मिळाला तो दहा-बारा सेकंदांचा.

दुसरी गोष्ट पाण्याच्या शुद्धतेची. तलावात टाकलेले मोकळे क्लोरीन प्रखर उन्हात फार लवकर विघटित होते. त्याला टिकवणारे रसायन पाण्यात नसेल, तर तास-दोन तासांत त्यातले बहुतेक निघून जाते. त्यातच गर्दी असली की घाम, अंगाला लावलेले क्रीम आणि (स्पष्टच लिहितो) लहान मुलांचे मूत्र यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात. डोळे चुरचुरतात ते यांच्यामुळे, आणि ज्याला आपण ‘क्लोरीनचा वास’ म्हणून स्वच्छतेची खूण समजतो, तो वासही बहुतांशी यांचाच असतो. म्हणजे ज्या तलावाला उग्र वास येतो, त्यात क्लोरीनची ताकद बरीचशी खर्ची पडलेली असण्याचीच शक्यता जास्त. मे महिन्यातल्या रविवारी कडक ऊन आणि तुडुंब गर्दी या दोन्ही गोष्टी एकत्र येतात आणि पार्कचे कर्मचारी कितीही दक्ष असले तरी त्यांची तारांबळ उडते. उद्या कोणी नायलॉनच्या पोशाखाच्या सक्तीवरून तिकीट खिडकीवर वाद घालताना दिसला तर त्याला सांगावे की सुती कपड्यांचे तंतू सुटून गाळणी तुंबते, म्हणून ती सक्ती असते. भाड्याने मिळणाऱ्या पोशाखाची अवस्था हा वेगळा विषय आहे. आपला स्वतःचा न्यावा हे बरे.

आता मला सर्वात जास्त सलणारी बाब. आपल्याला पाणी देणाऱ्या उजनी धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे कालव्यात सोडता न येणारे तळाचे पाणी. उन्हाळ्यात आपल्याकडे ‘धरण वजामध्ये गेले’ (म्हणजे पाणी मृतसाठ्याच्याही खाली उतरले) हे शब्द जेवणाच्या ताटावर सहज उच्चारले जातात, इतके ते अंगवळणी पडले आहेत. नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्या दिवशी घरातली एक व्यक्ती कामावर उशिरा जाते, आणि त्याच आठवड्यात आपण लाटांच्या तलावात उड्या मारायला पैसे मोजतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन जाणारी रेल्वे आपल्याच जिल्ह्यातून, कुर्डुवाडीवरून गेली होती, हे आपण तरी विसरू नये.

यावर कोणी म्हणेल की पार्कमध्ये तेच पाणी गाळून पुन्हा फिरवले जाते. ते खरेच आहे आणि वॉटर पार्कमुळे शहर तहानेले राहते असा आरोप मी मुळीच करणार नाही. तरीही मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या वाऱ्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला साधारण सेंटिमीटरभर उतरते. हजार चौरस मीटरच्या तलावातून सेंटिमीटरभर पाणी उडाले म्हणजे दहा हजार लिटर, अर्थात एक मोठा टँकर, रोज. गाळणी उलटी धुताना जाणारे आणि अंगाबरोबर, कपड्यांबरोबर बाहेर येणारे पाणी वेगळेच. ऑक्टोबर सरताना बाष्पीभवन बरेच कमी झालेले असते आणि पाऊसकाळ बरा झाला असेल तर उजनीही भरलेली असते. त्या दिवसांत पाण्यात खेळताना मनाला टोचणी लागत नाही.

पावसाळ्याचा पर्याय काही मित्र सुचवतात. लोणावळ्याच्या किंवा मुंबईच्या अनुभवावरून लिहिलेले सल्ले आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तिकडे जुलैमध्ये धो धो कोसळतो. आपण पर्जन्यछायेत आहोत, आपला जुलै बहुधा ढगाळ आणि रिमझिम जातो, आणि आपला खरा पाऊस सप्टेंबरचा. त्यामुळे शाळा सुरू झाल्यावरचा जून-जुलै सोलापूरकरासाठी दुसऱ्या क्रमांकाचा चांगला काळ आहे, हे मी मान्य करतो. अडचण सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतची. परतीचा पाऊस दुपारनंतर विजांसह येतो, आणि गडगडाट ऐकू आला की पाण्यातून बाहेर पडून शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी आत जायचे नसते. मे महिन्यातल्या वळिवालाही हाच नियम. २०२० च्या ऑक्टोबरच्या मध्यावर आपल्या जिल्ह्यात काय हाहाकार उडाला, ते अजून सर्वांच्या डोळ्यांसमोर असेल. म्हणून मी दसऱ्याचा मुहूर्त न धरता स्वाती नक्षत्राची वाट पाहायला सांगतो.

आणि थंडीत? सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला आलेल्या मुंबईच्या भाचरांच्या हट्टाखातर मी एकदा जानेवारीत गेलो आहे. दुपारी ऊन छान होते, पण रात्रीच्या चौदा-पंधरा अंशांत गारठलेले पाणी दुपारपर्यंत तापत नाही. पाण्यात रमायचे तर ते सव्वीस-अठ्ठावीस अंशांचे तरी हवे. भाचरे दहा मिनिटांत ओठ निळे करून बाहेर आली आणि उरलेला दिवस आम्ही भजी खात काढला. तिकिटे मात्र पूर्ण दिवसाची होती.

याउलट ऑक्टोबरच्या शेवटी आकाश निरभ्र असते, दुपारचा पारा एकतीस ते तेहतीसच्या आसपास राहतो, रात्री अजून पुरेशा गार झालेल्या नसतात आणि पाण्याने दिवसाची ऊब धरून ठेवलेली असते. सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने ऊन मे महिन्यासारखे थेट माथ्यावर बसत नाही. शिवाय शाळांना सुट्टी असते. दिवाळीचे मुख्य चार दिवस घरचे. भाऊबीज झाली की पाहुणे परततात आणि आठवड्यातला मधला एखादा वार मोकळा मिळतो. अधिक महिन्यामुळे दिवाळी लांबली, जशी २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आले होते, तर दिवाळीआधीचा शनिवार धरावा.

या बेतातही उणिवा आहेत. गर्दी कमी म्हणून काही पार्क त्या दिवसांत सगळ्या घसरगुंड्या चालू ठेवत नाहीत, लाटांचे यंत्र ठरावीक वेळीच सुरू करतात, तर काही लहान पार्क चक्क बंद असतात. म्हणून आधी फोन करून नेमके विचारावे. ग्राहक कमी म्हणून गाळणी कमी तास चालवली जात असेल, अशी शंका आली तर तलावाच्या सर्वात खोल भागाचा तळ पाहावा. तिथली फरशी आणि जाळी स्पष्ट दिसत नसेल, तर पैसे गेले तरी मुलांना पाण्यात उतरवू नये. दिवस लहान असतो, सूर्य सहाच्या आत मावळतो आणि कोरड्या वाऱ्यात ओले अंग लगेच काकडते, त्यामुळे चारनंतर पाण्यात राहू नये.

टॉवेल मात्र माणशी दोन न्यावेत. ज्या गावचे टॉवेल देशभर जातात, त्या गावची माणसे पार्कमध्ये एका टॉवेलात चौघे अंग पुसताना मी पाहिली आहेत, आणि त्या चौघांत एकदा मीही होतो.