ज्युलीचं स्टेटस

अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर राहणाऱ्या माणसाला ‘युअर स्टेटस : सस्पेंडेड’ अशा मथळ्याची मेल सकाळी सकाळी पाठवू नये. माणुसकी म्हणून तरी. मला ती आली, आणि तोंडात ब्रश असतानाच मी मनातल्या मनात न्यू जर्सीतल्या एडिसन गावचं घर विकून मोकळा झालो. पुण्यात मुलीला सेमी-इंग्रजीत घालावं का, याचा विचार चालू असताना मेल उघडली. सस्पेंड झालं होतं ते ज्युलीचं स्टेटस. तिनं म्हणे या तिमाहीत सिनेटच्या एका उमेदवाराला दमडीही दिली नव्हती.

ही ज्युली कोण, देव जाणे. बाईनं कुठल्याशा अर्जावर स्वतःच्या ऐवजी माझा ईमेल पत्ता खरडला असणार. इथे या याद्या विकल्या जातात, भाड्यानंही दिल्या जातात. त्यामुळे आता दोन्ही पक्षांचा ज्युलीवर सारखाच जीव आहे. एरवी त्यांचं कशावर एकमत होतं सांगा!

३१ मार्च, ३० जून, ३० सप्टेंबर आणि ३१ डिसेंबर या तारखा मला आता सणांसारख्या पाठ झाल्यात. निवडणूक आयोगाला द्यायचा हिशेब त्या रात्री बंद होतो, म्हणून बाराच्या ठोक्याला अमेरिकेतली लोकशाही संपणार असते. सकाळी विनंती येते. दुपारी ‘ज्युली, आम्ही रागावलो नाही, फक्त वाईट वाटलं’ येतं. हे तर माझ्या आईचं वाक्य, यांच्याकडे कसं पोचलं? संध्याकाळी उमेदवाराची बायको लिहिते. रात्री ‘आत्ता द्या, पाचपट भर आम्ही घालू’. २०२४ च्या निवडणुकीत एका माणसाला एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी ३,३०० डॉलरच देता येत होते. मग ही पाचपट भर घालणारा कुबेर कोण, ते कुणी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी मुदत वाढलेली असते.

आमच्या पेठेतली गणपतीच्या वर्गणीची पोरं परवडली. वर्षातून एकदा यायची, पावती फाडायची आणि आजोबांना ज्युली म्हणायची नाहीत.

बरं, तक्रार कुठे करणार? नको असलेल्या मेलवरचा २००३ चा कायदा धंद्याच्या मेलपुरता आहे, राजकीय मेल त्यात येत नाहीत. नको असलेल्या फोनसाठी नाव नोंदवायची सोय आहे, तिथेही प्रचाराच्या फोनना माफी. कायदे करणारे कोण आणि मेल पाठवणारे कोण, यावर मी बोलणार नाही. व्हिसावर आहे.

‘अनसबस्क्राइब’ दाबलं तर ‘ज्युली, म्हणजे तू त्यांना जिंकू देणार?’ असं विचारतात.

यातली खरी गंमत अशी, की माझा एक डॉलरही यांना चालत नाही. परदेशी नागरिकानं निवडणुकीला देणगी देणं इथे बेकायदा आहे. मी पैसे दिले तर मीही अडकेन, आणि जाणूनबुजून घेतले तर तेही. ग्रीन कार्ड मिळालं की देणगी चालते, मत मात्र नागरिक झाल्यावरच.

“म्हणजे आधी पैसे,” बायको म्हणाली, “अगदी आपल्या सोसायटीसारखं.”

भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग ज्या वेगानं सरकतेय, ते बघता ज्युलीची नात सिनेटला उभी राहीपर्यंत आमचा नंबर लागायला हरकत नाही. तिला देईन म्हणतो पाच डॉलर.