‘बसतो हो, सगळ्यांना बसतो!’

जुन्या गाडीचा ब्रेक लाइट स्विच, म्हणजे ब्रेक दाबला की मागचे लाल दिवे लावणारा स्विच, मागितला की काउंटरवर हमखास हेच ऐकू येतं. गाडी कुठली, साल कुठलं, काही विचारायचं नाही. एक पितळी नग आपटायचा आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचं. अहो, बसतो म्हणजे काय? बूटही बसतो, पायाला चावतो!

मॉरिस मायनर, एमजीबी अशा ब्रिटिश गाड्यांत ब्रेक ऑइलच्या दाबावर चालणारा स्विच असतो. त्याचे आटे १/८ इंच एनपीटी (अमेरिकन पाइप-आट्यांचं माप), निमुळते, इंचाला २७. फोक्सवॅगन बीटलसारख्या गाड्यांना एम१० बाय १ (व्यास दहा मिलिमीटर, पिच एक मिलिमीटर) लागतो. दोन्ही दहा मिलिमीटरच्या आसपासचे, आणि पिचमधला, म्हणजे दोन आट्यांमधल्या अंतरातला, फरक अवघा ०.०६ मिलिमीटर. म्हणून चुकीचा स्विचही दोन-तीन फेरे हातानं छान फिरतो आणि मग घट्ट होतो. इथंच आपले पैलवान पाना लावतात. स्विच ज्यात बसतो त्या, ब्रेकच्या नळ्या जोडणाऱ्या पितळी युनियनचे आटे सोलले जातात, गळती सुरू होते, आणि एका स्विचपायी युनियन शोधत हिंडायची वेळ येते. जुना आणि नवा स्विच आट्यांत आटे अडकवून उजेडाकडे धरा. सात-आठ आट्यांत फट दिसतेच. दिसली की तिथल्या तिथे परत करा.

त्यात टेफ्लॉन टेप गुंडाळणारे महाभाग वेगळेच. अरे, तो नळ आहे का? टेपचे तुकडे ब्रेक ऑइलमध्ये जातात. निमुळते आटे स्वतःच सील होतात, त्यांना टेपही नको आणि तांब्याचा वॉशरही नको. स्विच बदलताना ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद ताणून बसवायचा, म्हणजे ऑइल हळू गळतं. नवा स्विच हातात तयार ठेवून जुना काढायचा, लगेच नवा लावायचा. नंतर कागद काढून ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायचीच. रंगावर ऑइल सांडलं तर ताबडतोब पाणी ओता, नाहीतर रंग उचलला जातो.

एवढं नीट करूनही नवा स्विच काही महिन्यांत मरतो, आणि सगळे म्हणतात ‘माल खराब’. माल खराब असतोही, पण निम्मा दोष आपला. २१ वॅटचे दोन बल्ब म्हणजे १२ व्होल्टला साडेतीन अँपिअर. शिवाय थंड फिलामेंट पेटताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट करंट खेचतं. आतले कॉन्टॅक्ट एवढेसे! दर ब्रेकला ठिणगी, मग काजळी. आधी लाइट लागायला पाय जोरात दाबावा लागतो. हलक्या ब्रेकला मागे अंधार, आणि मागच्या रिक्षावाल्याला काहीच पत्ता नाही. खात्री करायची तर स्विचच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडा. लाइट लागला तर स्विच मेला. नाही लागला तर आधी फ्यूज, बल्ब, अर्थ बघा. उगाच स्विचवर राग काढू नका.

उपाय रिले, म्हणजे थोड्याशा करंटवर चालून दिव्यांचा मोठा करंट स्वतः जोडणारा स्विच. या ब्रिटिश गाड्यांच्या लुकास कंपनीच्या वायरिंगमध्ये स्विचकडे हिरवी वायर येते आणि हिरवी-जांभळी मागच्या दिव्यांकडे जाते. ही हिरवी-जांभळी तोडायची. स्विचकडचं टोक रिलेच्या ८६ नंबरच्या टर्मिनलला, ८५ अर्थला, ३० ला त्याच फ्यूजमधून आलेली हिरवी, ८७ दिव्यांकडे. मग स्विचवर भार फक्त रिलेच्या कॉइलचा, आणि ती घेते ०.१५ ते ०.२ अँपिअर. रिले घेताना आत रेझिस्टर किंवा डायोड असलेलाच घ्या, नाहीतर कॉइल बंद होताना उसळलेलं व्होल्टेज पुन्हा त्याच बिचाऱ्या कॉन्टॅक्टवर येतं.

काही जण हे सगळं टाळून पेडलवर मेकॅनिकल स्विच बसवतात. चांगली कल्पना आहे. पेडल वर असताना दट्ट्या दाबलेला आणि सर्किट तुटलेलं, अशा प्रकारचा स्विच हवा. पण इथं सगळ्यात मोठा मूर्खपणा होतो. लाइट बंद होत नाही म्हणून स्विच पुढे आणत राहायचं आणि दोन्ही नट आवळायचे. दट्ट्या आणखी दाबायला जागा उरत नाही, पेडल तिथंच टेकतं, पूर्ण वर येत नाही. पेडलनं ऑइलवर दाब देणाऱ्या मास्टर सिलेंडरचं परतीचं छोटं भोक झाकलेलं राहतं, ऑइल परतत नाही, ब्रेक धरून राहतात. दहा किलोमीटरवर ड्रमला हात लावा, भाजेल. आणि हा प्रताप करणारा मेकॅनिक वर सांगणार, ‘साहेब, ब्रेक शू बदलावे लागतील.’