कात टाकणाऱ्या सापाला भरवू नका, ओलावा द्या

बॉल पायथन पाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत पुढे पाठवला जातो: "कात टाकायला आलेल्या सापाने खाणं सोडलं की त्याला अशक्तपणा आला समजा. आठवडा झाला तर तोंड उघडून उंदीर आत सरकवा, थोडं दूध पाजा आणि सुटत नसलेली कात तेल लावून ओढून काढा, डोळ्यांवरचीसुद्धा." हे ऐकून निरोगी साप जायबंदी होतात. (इथे विषय केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद केलेल्या विदेशी बॉल पायथनचा आहे. धामण, नाग, आपला अजगर हे वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, ते घरात ठेवता येत नाहीत.)

"खाणं सोडलं म्हणजे अशक्तपणा"

नाही. जुन्या कातडीखाली नवी तयार होते तेव्हा दोन्हींच्या मध्ये द्रव साचतो. आधी पोट गुलाबी दिसतं, मग अंगाचा रंग मळतो आणि डोळे दुधी-निळसर होतात. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबरच बदलतो. त्या दिवसांत सापाला नीट दिसत नाही, म्हणून तो लपून बसतो, हात घातला तर फुत्कारतो आणि भक्ष्याकडे फिरकत नाही. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर साधारण 3 ते 5 दिवसांत कात पडते. सगळं मिळून दहा-चौदा दिवस. प्रौढ साप एरवीही दोन-तीन आठवड्यांतून एकदाच खातो, म्हणजे चुकलं तर एखादंच जेवण चुकतं.

अंदाज बांधण्यापेक्षा वजन करा. ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. दीड किलोचा साप 150 ग्रॅमने उतरला तर डॉक्टरकडे न्या. वजन टिकून असेल तर त्याला त्याच्या जागी राहू द्या.

"तोंड उघडून भरवा"

सापाच्या श्वासनलिकेचं तोंड खालच्या जबड्यातच, पुढच्या बाजूला उघडतं. जबरदस्तीत तिथे इजा होते, दात तुटतात, अन्ननलिका सोलवटते. आत गेलेला उंदीरही ताणामुळे बाहेर येतो. एकदा उलटी झाली की 10 ते 14 दिवस काहीही द्यायचं नाही आणि नंतरचं भक्ष्य नेहमीच्या निम्म्या आकाराचं घ्यायचं. म्हणजे घाईने उपवास लांबतोच.

कात पडल्यावर एक-दोन दिवस थांबा. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळवा, मग पिशवीत बंद करून गरम पाण्यात ठेवा. डोक्याकडचा भाग 38–40 अंशांपर्यंत गरम हवा, कारण बॉल पायथन उष्णतेवरून भक्ष्य हेरतो. मायक्रोवेव्ह नको, उंदराचं पोट फुटतं. जिवंत उंदीर तर टाकीत सोडूच नका. नजर धूसर झालेल्या सापाला तो कुरतडतो.

"दूध पाजा"

साप दूध पचवू शकत नाही. नागपंचमीला गारुड्याचा नाग दूध पितो, तो तहानलेला ठेवलेला असतो म्हणून. ड्रॉपरने पाजलेलं दूध फुप्फुसात उतरलं की न्यूमोनिया होतो. स्वच्छ पाण्याचं जड भांडं ठेवा, तेवढं पुरे.

"तेल लावून ओढा"

सर्वाधिक नुकसान इथे होतं. कात अडकते ती बहुतेक वेळा हवा कोरडी असल्यामुळे. एरवी 55 ते 65 टक्के आर्द्रता चालते, पण डोळे निळसर झाले की 70–80 हवी. नागपूरच्या मे महिन्यात किंवा एसीच्या खोलीत ती फारच खाली जाते. काचेला चिकटवायचे तबकडीचे मीटर विश्वासाचे नसतात. तारेचा सेन्सर असलेला डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा मीटर) घ्या.

साप वेटोळं घालून मावेल एवढा झाकणाचा प्लास्टिक डबा घ्या, बाजूला भोक पाडून त्याची कड घासून गुळगुळीत करा आणि आत भिजवून घट्ट पिळलेलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) भरा. थेंब गळायला नकोत. उष्णता मात्र कमी करू नका: गरम बाजू 31–33, थंड बाजू 25–27 अंश. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात अडचण उलटी असते. सगळा तळच ओला राहिला तर पोटाच्या खवल्यांवर फोड येऊन ते कुजतात, म्हणून तळ कोरडा ठेवा आणि ओलावा फक्त डब्यात.

तुकडे राहिलेच तर 28–30 अंशांच्या पाण्यात, सापाच्या जाडीच्या निम्म्या खोलीपर्यंत, वीस मिनिटं ठेवा आणि तिथून हलू नका. मग ओल्या टॉवेलमधून त्याला स्वतः सरकू द्या, कात घासून निघते. तेलाने खवल्यांना माती चिकटते, बाकी काही साधत नाही.

शेपटीचं टोक लगेच तपासा. तिथली कातीची कडी सुकून आवळते, रक्त थांबतं आणि टोक काळं पडतं. ती पुढच्या कातीपर्यंत ठेवू नका. रोज भिजवा, ओल्या कापसाने हलकेच फिरवा.

पडलेल्या कातीचा डोक्याकडचा भाग उजेडात धरा. डोळ्यांच्या दोन गोल पारदर्शक चकत्या दिसल्या पाहिजेत. एखादी नसेल तर चिमटा लावू नका. खालचा जिवंत थर निघाला तर डोळा जातो. ओलावा वाढवून पुढच्या कातीची वाट पाहा. तेव्हाही सुटली नाही तर ते काम सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याचं.

उपवासासोबत तोंड उघडून श्वास, नाकातून बुडबुडे, तोंडात पनीरसारखा पांढरा थर किंवा पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके, म्हणजे माइट्स (सापाचं रक्त पिणारे बारीक किडे), दिसले तर कात पडायची वाट न पाहता डॉक्टरकडे निघा. जाताना शेवटची कात, वजनाच्या नोंदी आणि टाकीच्या तापमान-आर्द्रतेचे आकडे बरोबर न्या.