मॅच्युअर लाकूड

"सर, तुमची पर्सनॅलिटी कशी आहे?"

५२ वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. पुण्यात तो विचारायची पद्धतच नाही, परस्पर सांगून टाकतात. त्यामुळे काउंटरपलीकडच्या त्या विशीतल्या मुलाकडे मी नुसता बघत राहिलो आणि उत्तर, रीतीप्रमाणे, बायकोने दिलं.

"चिकट."

मुलाने गंभीरपणे मान डोलावली. "ऑयली स्किन. चांगलं असतं मॅडम, सेंट जास्त वेळ टिकतो."

मुळात मी सेंट घेणाऱ्यांतला नाही. आमच्या घराण्यात पुरुषाने सुगंधी व्हायचे प्रसंग ठरलेले. दिवाळीच्या पहाटे उटणं, आणि कोणाच्या लग्नात मांडवाच्या दाराशी मनगटावर पुसलेलं अत्तर. फारच हौशी काका असतील तर कानात फाया. एवढ्यावर चार पिढ्या निभावल्या. पण मुलीने वाढदिवसाला ३,००० रुपयांचं गिफ्ट व्हाउचर दिलं. ते मी जपून ठेवलं, आणि इतकं जपलं की मुदत संपायला एकच दिवस उरला. म्हणून दुपारी दीड वाजता, म्हणजे सभ्य पुणेकराने आडवं असायला हवं अशा वेळी, आम्ही दोघं मॉलमध्ये उभे होतो.

मुलगा कागदाच्या पट्ट्यांवर फवारे मारून माझ्या नाकाखाली धरत होता. चौथ्या पट्टीला माझं नाक बसलं. मग त्याने कॉफीच्या बियांची वाटी पुढे केली. ती हुंगली की नाक ताजं होतं म्हणे.

"दळून नाही का मिळत?" बायकोने विचारलं.

शेवटी त्याने निकाल दिला. "सरांना वुडी जाईल. वुडी माणूस कसा असतो? मॅच्युअर. डीप. कमी बोलणारा."

बायको एवढी हसली की लिपस्टिकच्या काउंटरवरच्या बायका वळून बघायला लागल्या.

"यात तीन थर असतात सर. पहिली दहा-पंधरा मिनिटं संत्र्याच्या सालीसारखा वास. तो उडाला की मधला थर. आणि सगळं उडून गेलं की शेवटी फक्त लाकूड."

"हल्ली वैकुंठात विद्युतदाहिनीही आहे," मी म्हणालो.

तो हसला नाही. वुडी माणसं विनोद करत नसावीत. बाटली ४,२०० ची निघाली. वरचे १,२०० मी खिशातून काढत असताना बायको छताकडे बघत होती.

घरात पाऊल टाकलं आणि आईने नाक वर केलं. "माठात वाळा घातलास का रे?"

खोक्यावर तर 'व्हेटिव्हर' असं भारदस्त नाव होतं. मुलीने मोबाइलवर बघून सांगितलं, "आजी, बरोबर! तो आपला वाळाच. हा शब्दसुद्धा तमिळमधून गेलाय." म्हणजे आमच्याच माठातला वाळा परदेशी जाऊन, नाव बदलून, भाव वाढवून परत आला होता. आमच्या नात्यातही असे दोघे आहेत. मग तिने स्वतः माझं मनगट हुंगलं. "बाबा, तुला माझ्या कंपासपेटीचा वास येतोय!" तेही खरं निघालं. सीडरवुड म्हणून विकलं जाणारं बरंचसं तेल देवदाराचं नसतंच. ते अमेरिकेतल्या ज्युनिपर जातीच्या झाडाचं असतं, आणि पूर्वी पेन्सिली त्याच लाकडाच्या करत. थोडक्यात, ४,२०० रुपयांत मी शार्पनरमधला कीस अंगाला चोळून आलो होतो.

बायको लांबूनच म्हणाली, "देवघर." ते चंदन.

चंदनाबद्दल मला जरा बोलायचं आहे. पुण्यात माणूस गेला की शोकसभेत तो हमखास 'चंदनासारखा झिजलेला' असतो. हे वाक्य मीही तीनदा वापरलंय, एकदा तर आयुष्यात काडी न हलवलेल्या गृहस्थांसाठी. पण खऱ्या चंदनाची रीत वेगळीच आहे. ते झाड अर्धं परोपजीवी असतं. जमिनीखालून शेजारच्या झाडाच्या मुळांना आपली मुळं चिकटवतं आणि त्याचं पाणी, क्षार ओढून घेतं. झिजतं ते नंतर, सहाणेवर, तेही दुसऱ्याने धरून घासलं तर. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका रोज सकाळी आमचा पेपर आमच्याआधी घेऊन जातात. वेळ आलीच तर त्यांच्याबद्दल मी ते वाक्य अगदी मनापासून म्हणेन.

त्यातून पुण्यात चंदन अंगावर वागवणं तसं जोखमीचंच. कुठल्यातरी बंगल्याच्या नाहीतर संस्थेच्या आवारातलं चंदनाचं झाड रात्रीत कापून नेल्याची बातमी पेपरात अधूनमधून असतेच. (काकांनी पेपर परत केला तर वाचायला मिळते.) त्या रात्री मी खिडकी लावून झोपलो.

सोमवारी सकाळी दोन फवारे मारले. दहा मिनिटांत वास येईनासा झाला. १,२०० रुपये उडाले या धसक्याने आणखी तीन मारले. तरी काही नाही. मग आणखी दोन. संध्याकाळी मुलीने खुलासा केला की एक तर नाक सवयीने मरतं, आणि दुसरं म्हणजे हल्लीच्या वुडी सेंटांत 'आयसो ई सुपर' नावाचं एक रसायन सर्रास असतं. १९७३ साली अमेरिकेतल्या एका कंपनीत तयार झालेलं. त्याचा वास काही जणांना जवळजवळ येतच नाही. लावणाऱ्याला पत्ता नाही आणि शेजारच्याला सोसवत नाही, म्हणजे घोरण्यातलाच प्रकार. पण हे सगळं संध्याकाळी कळलं.

वनाजला मेट्रोत बसलो. दारं लागली, एसी सुरू. आनंदनगरला माझ्या डावीकडची जागा रिकामी झाली, आयडियल कॉलनीला उजवीकडची. समोरच्या बाईंनी पदर नाकाला लावला. नळस्टॉपला एक आजोबा शेजारी येऊन बसले, जरा वाकले आणि हळूच म्हणाले, "तेरावा का?"

वुडी माणूस कमी बोलतो. मी नुसती मान हलवली. आजोबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तो डेक्कन येईपर्यंत काढला नाही.

ऑफिसात दिवसभर डीप राहायचं, असं मी ठरवलंच होतं. दहा वाजता शिपाई उजव्या हाताची ओंजळ करून समोर उभा राहिला. "साहेब, प्रसाद?" अकरापर्यंत माझं बीपी वाढल्याची बातमी दोन मजले फिरून आली. जेवणाच्या सुट्टीनंतर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि "घरी सगळं ठीक ना?" असं विचारलं. सोळा वर्षांत त्यांनी माझ्या घराची चौकशी पहिल्यांदाच केली. मी खोल नजरेने खिडकीबाहेर बघत राहिलो, तेव्हा त्यांनी दोन दिवसांची रजा देऊ केली. साडेचारच्या चहाला मात्र मिसळीत पोहे असावेत की नसावेत यावर कोणीतरी तोंड उघडलं आणि माझं लाकूड भडकलं. चाळीस मिनिटं बोललो. रजा गेली.

परतताना कोथरूडच्या भाजी मंडईत शिरलो. नेहमीच्या ऐवजी कोपऱ्यावरच्या मावशींकडे गेलो, तर त्यांनी पदर सावरून हातच जोडले. "या गुरुजी." वांगी घेतली, दोडका घेतला. वर कोथिंबिरीची जुडी त्यांनी आपणहून पिशवीत टाकली. "राहू द्या, तुमच्याकडून काय पैसे घ्यायचे? पोराचं लग्न जमत नाही, तेवढं बघा."

खरं सांगायला हवं होतं. पण जुडी ताजी होती. मी डोळे मिटले आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला.

"मार्गशीर्षानंतर," मी म्हणालो.

घरी हा प्रकार सांगितल्यावर बायको रागावेल असं वाटलं होतं. तिने कॅल्क्युलेटर काढला. वरचे १,२०० रुपये, जुडी दहा रुपयांची, म्हणजे १२० जुड्यांत वसूल. बाटली १०० मिलीची, तिच्यात साधारण हजारेक फवारे. फायदाच आहे.

आता रोज संध्याकाळी मी पिशवी उचलली की ती स्वतः बाटली घेऊन दारात येते. दोन मनगटांवर, एक मानेला.

"आणि तिथे कमी बोला," ती म्हणते.