‘गोवेकर तर पोर्तुगालचे समान नागरिक होते’ : या दाव्याला उत्तर

दरवर्षी १९ डिसेंबर, म्हणजे गोवा मुक्तिदिन, जवळ आला की व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गोवा ही वसाहत नव्हतीच, तो पोर्तुगालचा समुद्रापलीकडचा प्रांत होता, गोवेकरांना लिस्बनच्या माणसाइतकेच घटनात्मक हक्क होते, आजही मिळणारा पोर्तुगीज पासपोर्ट हा त्याचा पुरावा, आणि १९६१ साली भारताने लोकांना न विचारता ते हक्क काढून घेतले. चांगली शिकलेली माणसं हा मजकूर पुढे पाठवतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

‘वसाहत नव्हती, प्रांत होता.’ हे नाव आलं १९५१ साली. त्याआधी १९३० चा वसाहत कायदा होता. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने तो आणला आणि १९३३ च्या राज्यघटनेचा भाग केला. समुद्रापार मुलूख ताब्यात ठेवणं, तिथे वसाहती करणं आणि तिथल्या लोकांना ‘सुसंस्कृत’ करणं हे पोर्तुगीज राष्ट्राचं मूलभूत कार्य आहे, असं त्याच्या दुसऱ्या कलमात लिहिलं होतं. ज्याला सुसंस्कृत करायचं तो समान कसा? हा प्रश्न तेव्हाच गोव्यात उठला. गोव्याचे पत्रकार-नेते लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांनी ४ जुलै १९३० रोजी सरकारी कौन्सिलात या कायद्याविरुद्ध ठराव मांडला आणि स्वतःचं भवितव्य ठरवण्याचा हक्क आम्ही सोडलेला नाही, असं बजावलं. पुढे जगभर वसाहती सुटू लागल्या आणि संयुक्त राष्ट्रांपुढे वसाहतींचा हिशेब देण्याची वेळ येणार हे दिसू लागलं, तेव्हा ‘वसाहत’ खोडून ‘प्रांत’ लिहिलं गेलं. संयुक्त राष्ट्रांनी ते मानलं नाही. डिसेंबर १९६० च्या ठराव क्रमांक १५४२ मध्ये गोव्याची गणना स्वशासन नसलेल्या प्रदेशांत झाली.

‘हक्क समान होते.’ यातला खरा भाग आधी मान्य करतो. अंगोला-मोझांबिकच्या आफ्रिकी जनतेला ‘देशी’ ठरवून वेगळ्या कायद्याखाली ठेवलं होतं, तसं गोव्यात नव्हतं. कायद्याने गोवेकर नागरिक होता. पोर्तुगालात १९१० साली प्रजासत्ताक आल्यानंतर धर्म आणि राज्य वेगळे झाले, हिंदूंना शिक्षण नि नोकऱ्यांची दारं उघडली, हेही खरं. पण तो काळ १९२६ च्या लष्करी उठावाने संपला. १९३३ च्या घटनेचं आठवं कलम भाषण, सभा आणि संघटनेचं स्वातंत्र्य देतं आणि त्याच कलमात त्यांचा वापर विशेष कायद्यांनी ठरेल असंही सांगतं. गोव्यात त्याचा अर्थ असा झाला की लग्नाची पत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरला दाखवावी लागे. मताधिकाराला लिहिता-वाचता येणं, कर भरणं अशा अटी होत्या. कोकणी-मराठीत जगणारा कूळकरी त्यात कुठे बसणार?

या समान नागरिकत्वाची परीक्षा १७ फेब्रुवारी १९५४ रोजी झाली. म्हापशाचे शल्यविशारद डॉ. पुंडलिक गायतोंडे एका निरोपाच्या मेजवानीला गेले होते. तिथे एका वक्त्याने गोवा म्हणजे पोर्तुगालच, अशा अर्थाचं विधान केलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, ‘मी निषेध करतो.’ त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला पाठवण्यात आलं. लिस्बनमध्ये शिकलेल्या, कायद्याने नागरिक असलेल्या माणसाला जेवणाच्या टेबलावर एक वाक्य बोलण्याची ही किंमत!

त्याआधी, १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. लोहियांची सभा झाल्यावर जो लढा पेटला, त्यात त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालातल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडलं. सांगलीचे मोहन रानडे तर गोवा मुक्त झाल्यावरही जानेवारी १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात होते.

लिस्बनच्या माणसालाही सालाझारच्या राज्यात बोलायची मुभा नव्हती, हे मला ठाऊक आहे. पण त्याला दडपणारं सरकार निदान त्याच्या देशाचं होतं. गोवेकराचं घर, जमीन आणि शेजार समुद्राच्या अलीकडे आणि त्याचा निवाडा समुद्राच्या पलीकडे.

पासपोर्टचं उत्तर लहान आहे. आज तो मिळतो तो पोर्तुगालच्या राष्ट्रीयत्वाच्या कायद्यामुळे, १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना. त्यातून राष्ट्रीयत्व सिद्ध होतं. त्या काळी मत देता येत होतं की नाही, हे त्यावर लिहिलेलं नसतं. ज्यांनी तो घेतला त्यांच्याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही.

राहिला ‘लोकांना विचारलं नाही’ हा आरोप. १९६१ साली सार्वमत झालं नाही, हे खरं. पण डिसेंबर १९६३ मध्ये प्रौढ मताधिकाराने विधानसभा निवडली गेली. कुळं आणि त्यांच्या बायका मतदानाच्या रांगेत उभ्या राहिल्या. मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्ष सत्तेवर आला, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. हा पक्ष महाराष्ट्रात विलीनीकरण मागत होता. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाआधी मतदान निःपक्ष व्हावं म्हणून भाऊसाहेबांच्या सरकारने राजीनामा दिला. विलीनीकरणाला १,३८,१७० मतं पडली, संघप्रदेश राहण्याला १,७२,१९१. सत्ताधारी पक्षाची मुख्य मागणी हरली आणि ती हार मान्य झाली.