“मालकांनी माझा नफा गिळला” या अभिप्रायाला वीज सहकारी संस्थेचं उत्तर

नमस्कार.

घर विकून जाताना आपण खात्यावरची भांडवली जमा, म्हणजे दरवर्षीच्या वाढाव्यातला आपल्या नावे जमा झालेला वाटा, मागितली आणि ती लगेच मिळाली नाही. आपल्याला मनस्ताप झाला, त्याबद्दल संस्थेतर्फे दिलगिरी व्यक्त करतो.

पण “मालकांनी गिळला” हे वाचल्यापासून चैन पडत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ज्याच्या नावावर मीटर तो इथला सभासद, आणि सभासद सोडून संस्थेला दुसरा मालकच नाही. खोलीभर घर असो की कारखाना, मत एकच. संचालकही सभासदांमधूनच निवडून येतात. वर्षाचा खर्च भागवून जो वाढावा उरतो, तो ज्याने जेवढं बिल भरलं त्या प्रमाणात ज्याच्या त्याच्या नावे जमा होतो. ते पत्र दरवर्षी आपल्या घरी येत होतं.

मात्र ही रक्कम तिजोरीत पडून नसते. तिचे खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर झालेले असतात. उपकेंद्रासाठी कर्ज मागायला गेलं की तुमचं स्वतःचं भांडवल किती, हे आधी विचारतात. ते भांडवल म्हणजे हीच जमा. ती परत मिळते, पण जुन्या वर्षांची आधी, आणि मध्ये बरीच वर्षं जातात. कोणत्या वर्षाची जमा केव्हा द्यायची, हे संचालक मंडळ संस्थेची स्थिती पाहून ठरवतं. वादळात लाईन आडवी झाली की ते लांबतं. आपण राहायला आलात त्या दिवशी दिवा लागला, तो आधीच्या सभासदांचे पैसे असेच थांबले होते म्हणून. त्यांनीही वाट पाहिली, आणि त्यातल्या कोणी आम्हाला चोर म्हटलं नाही.

खिडकीवरच्या मुलीला मात्र आपण “चोर” म्हणालात. ती स्वतः सभासद आहे, तिचीही जमा त्याच रांगेत आहे. “आम्हाला कोणी विचारत नाही” असंही लिहिलंत. वार्षिक सभेची नोटीस बिलासोबतच येते, तिथे हे सगळे आकडे मांडले जातात, आणि गणसंख्या भरेपर्यंत आम्ही दाराकडे बघत बसतो.

खासगी कंपनी बरी, हे तर फारच लागलं. अमेरिकेत १९३०च्या दशकाच्या मध्यात दहा शेतांमागे जेमतेम एका शेतावर वीज होती, कारण विरळ वस्तीत तार ओढणं कंपन्यांना परवडत नव्हतं. १९३६च्या ग्रामीण विद्युतीकरण कायद्याने कर्जाची सोय झाली, तेव्हा शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढून स्वतःच्या लाईन उभ्या केल्या. आमचे लाईनमन आजही एकेका घरासाठी लांबच लांब लाईन राखतात, भर पावसात खांबावर चढतात. असा अभिप्राय वाचून नवा सभासद बिचकला तर त्यांच्याच पोटावर येतं.

घर सोडल्याने आपला हक्क जात नाही. नवा पत्ता तेवढा कळवा, कारण पत्ता चुकल्यामुळे परत आलेले धनादेश आमच्याकडे नेहमीच पडून असतात. सभासद हयात नसेल तर वारसांना लवकर रक्कम देण्याची तरतूद आमच्या पोटनियमांत आहे. जमेचं पत्र अधिक सोपं करण्याचा विचारही चालू आहे.

अभिप्रायात दिलेले तारे वाढवा असं म्हणत नाही. “गिळला” हा शब्द तेवढा काढावा, ही विनंती.

आपला,
व्यवस्थापक