खिडकी उघडी की बंद? भांडण चुकीच्या मुद्द्यावर चाललंय

घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा वाद अधूनमधून पेटतोच. एक पार्टी म्हणते खिडक्या सताड उघडा, दुसरी म्हणते बाहेरचा धूर आत कशाला घ्यायचा, प्युरिफायर लावा आणि गप बसा. मी लांबून वाचतो आणि मला दोघांचंही अर्धंच पटतं.

मी राहतो तिथे थंडीमुळे घरं डबल काचेची, फटी बुजवलेली. अशा घरात राहिलं की घाण फक्त बाहेरून येते हा समज गळून पडतो. गॅस पेटवला की नायट्रोजन डायऑक्साइड, प्लायवूडच्या फर्निचरमधून फॉर्मल्डिहाइड नावाचा त्रासदायक वायू, वर क्लीनर-परफ्यूम आणि आपला स्वतःचा श्वास. बाहेर कार्बन डायऑक्साइड साधारण 420 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग) असतो, दोघं जण दार-खिडकी लावून झोपले की सकाळपर्यंत हजाराच्या वर सहज जातो.

मग उघडा की खिडकी! उघडाच, पण पुढची गंमत ऐका. 2018 मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या टेस्ट हाऊसमध्ये होमकेम नावाचा प्रयोग झाला, शास्त्रज्ञांनी तिथे खरोखरचा स्वयंपाक केला, फरशी पुसली आणि सतत हवा मोजली. खिडक्या उघडल्या की बरेच वायू भराभर खाली आणि बंद केल्या की थोड्याच वेळात पुन्हा वर! कारण बराचसा माल हवेत नसतोच, तो भिंती, रंग, पडदे, सोफा यांच्यात मुरलेला असतो, हवा स्वच्छ झाली की तिथून हळूहळू सुटत राहतो. म्हणजे सकाळी दहा मिनिटं खिडकी उघडून दिवसभराचं काम झालं असं कोणी समजू नये.

आणि खिडकी नुसतं बाहेर नेत नाही, आतही आणते. कडक उन्हाच्या दुपारी बाहेर ओझोन हा त्रासदायक वायू वाढतो, तो आत आला की लिंबाच्या वासाच्या क्लीनरमधल्या लिमोनीन या वासाच्या रसायनाशी भिडतो आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात, अगदी आपल्या त्वचेच्या तेलाशीही त्याची रिॲक्शन होते (घरातली माणसंसुद्धा केमिस्ट्रीचा भाग, काय करणार). त्यामुळे अशा दुपारी सुगंधी लिक्विडने फरशी पुसून वर खिडकी उघडणं मला तरी पटत नाही. गॅस चालू असताना मात्र उघडाच, बाहेर अगदीच धुरकट नसेल तर.

प्युरिफायरवाल्यांना एवढंच, की त्यातला हेपा फिल्टर (अतिबारीक गाळणी) कण पकडतो, वायू नाही. वास मारायला ओझोन सोडणारं मशीन कोणी गिफ्ट दिलं तर सरळ परत करा.